गोळ्यांची पिशवी आणि बाकीचा दिवस

एकतिसाव्या वर्षी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला. आपल्याकडं त्याला आमवात म्हणतात. आहारतज्ज्ञ म्हणून मी तेव्हा कुठं जम बसवत होते. एका सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री घेतली आणि बोटं मिटेचनात. त्याला आता २२ वर्षं झाली. त्यातली गेली १३ वर्षं मी सांगलीत एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात, त्यांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत बसते. डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिलं की पेशंट माझ्याकडं येतो. हल्ली या कामाला हेल्थ कोचिंग म्हणतात. पेशंट मला ‘पथ्याच्या मॅडम’ म्हणतात.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर निघाली. एवढ्या गर्दीत डॉक्टर एकेकाला देऊन देऊन किती वेळ देणार? ती पाच-दहा मिनिटं संपली की पुढच्या तपासणीपर्यंत माणूस आणि त्याचं दुखणं, दोघंच उरतात. त्या मधल्या दिवसांबद्दल जे शिकले ते लिहून ठेवते आहे. बरंचसं पेशंटांनी शिकवलं, काही माझ्या सांध्यांनी, आणि एक गोष्ट माझ्या चुकीनं.

१. आधी पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगा.

तासगावकडच्या एक बाई यायच्या. वय पन्नाशीचं, द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाणाऱ्या. साखर काही केल्या खाली येईना, म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं. मी सहज म्हटलं, “मावशी, गोळ्या आणल्यात का? बघू.” त्यांनी कापड दुकानाची एक पिशवी काढली, तोंडाला रबर लावलेली. आतून सात-आठ पाकिटं पडली. एक आमच्याकडची, एक गावातल्या डॉक्टरांकडची. नावं वेगळी, रंग वेगळे. पाठीमागची बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींत तीच दोन औषधं, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. त्या दोन्ही घेत होत्या. त्यांच्या हिशेबानं एक गोळी साखरेची होती आणि दुसरी अशक्तपणाची.

“दुपारी काही होतं का?” विचारलं.

“हातपाय थरथरत्यात बघा. घाम फुटतो. मग बाया गूळ देत्यात, त्यानं बरं वाटतं.”

दुप्पट औषधानं साखर एकदम उतरायची, मग मूठभर गूळ पोटात जायचा आणि ती वर उसळायची. रिपोर्टात फक्त ते उसळणं दिसत होतं. मी पिशवी तशीच उचलून डॉक्टरांच्या टेबलावर नेली. एक पाकीट बंद झालं. पुढच्या खेपेला थरथर गेली होती.

तेव्हापासून प्रत्येक पाकीट हातात घेऊन मी तीन गोष्टी विचारते. ही कशासाठी? कधी घेता? चुकली तर काय करता? काढे, चूर्णं, शेजारणीनं दिलेली दुखण्यावरची गोळी, सगळं टेबलावर यायला पाहिजे. आणि ते आलं की कपाळाला आठी घालायची नाही. एकदा आठी दिसली की पुढच्या वेळी पिशवी घरी राहते.

२. दुखण्याचं काम मोजा.

ज्युलिएट कॉर्बिन आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक निबंध लिहिला. कायमचं दुखणं घेऊन जगणाऱ्याला घरी तीन तऱ्हेची कामं पडतात, असं त्यांनी मांडलं. एक दुखण्याचं काम, म्हणजे गोळ्या, तपासण्या, पथ्य. दुसरं रोजच्या संसाराचं. आणि तिसरं, आपण आधी कोण होतो आणि आता कोण आहोत हे नव्यानं जुळवून घेण्याचं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. माझी सकाळ कुणीतरी मोजली होती. उठल्यावर कोमट पाण्यात बोटं सोडायची, दर सोमवारी मेथोट्रेक्सेट, ठरल्या मुदतीनं रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या. मार्च २०२० मध्ये कोरोनावर चालेल म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर उड्या पडल्या, तेव्हा आम्ही वर्षानुवर्षं घेत असलेली गोळी दुकानांतून नाहीशी झाली होती. ती शोधत फिरणं हेही कामच.

पथ्याचा तक्ता हातात देताना आपण या कामात भर घालत असतो. म्हणून आता नवं काही सांगायच्या आधी विचारते, यातलं कमी काय करता येईल? सकाळच्या दोन गोळ्यांची वेळ एक करता येते का ते डॉक्टरांना विचारता येतं. दोन तपासण्या एकाच खेपेत बसवल्या की एक एसटीचा हेलपाटा आणि एक दिवसाची मजुरी वाचते.

तिसरं काम मात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मिरजेला तंतुवाद्यं करणारे एक कारागीर माझ्याकडं येत. साखर आटोक्यात होती, वजन ठीक होतं, पण माणूस महिन्यागणिक मिटत चालला होता. चौथ्या-पाचव्या भेटीत बोलले. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवरून कानस फिरवायची असते, केसभर इकडंतिकडं झालं तरी आवाज बसतो. आता बोटांची टोकं बधिर झाली होती. “मॅडम, जवारी लागंना,” एवढंच म्हणाले आणि हात टेबलाखाली घेतले. माझ्याकडं त्यावर उपाय नव्हता. मी त्यांना जवारी म्हणजे काय ते समजावून सांगायला लावलं आणि त्या दिवशी आहाराचा विषयच काढला नाही. पुढं काही महिन्यांनी सांगत आले, पुतण्या कानस चालवतो आणि ते डोळे मिटून तार ऐकतात, कुठं घासायचं ते सांगतात. ही वाट त्यांची त्यांनी काढली.

३. एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही त्यांनी निवडलेली.

केट लोरिग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आपलं दुखणं आपण कसं सांभाळायचं याचे ते वर्ग होते आणि ते चालवायला त्यांनी रुग्णांनाच तयार केलं. त्यातली एक युक्ती मी रोज वापरते. काय करणार, किती, कधी, आठवड्यातून किती दिवस, हे पेशंटनं ठरवायचं. मग विचारायचं, हे जमेल याची खात्री दहापैकी किती? उत्तर सातच्या खाली आलं तर बेत लहान करायचा.

एक रिक्षावाले काका म्हणाले, “उद्यापासून रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो.” खात्री किती? जरा थांबून म्हणाले, “चार.” रात्री अकरापर्यंत स्टँडवर रिक्षा लावणारा माणूस पहाटे कसा उठणार! मग कापता कापता बेत असा झाला की रात्रीच्या जेवणानंतर गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचं, दहा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. खात्री आठ. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर उचलतात, त्यामुळं हे दहा मिनिटांचं चालणंही वाया जात नाही. महिन्याभरानं म्हणाले, मारुतीच्या पुढं पाण्याच्या टाकीपर्यंत जातो, बायकोही येते.

४. रिपोर्ट म्हणजे परीक्षेचा निकाल नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एचबीएवनसी सांगण्याआधी लोक माझा चेहरा वाचतात. पालकसभेला आल्यासारखे बसतात. तपासणीच्या आधी दोन दिवस काहीजण भात सोडतात, एक आजोबा तर नुसत्या ताकावर राहिले होते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिला किती साखर चिकटली ते हा आकडा सांगतो. दोन दिवसांच्या उपासानं तो हलत नाही. शिवाय बाईच्या अंगात लोह कमी असेल तर तो खोटाच चढलेला दिसू शकतो, आणि आपल्याकडं रक्त कमी नसलेली बाई शोधावी लागते. हे समजावलं की खांदे खाली येतात. मग खरं बोलणं सुरू होतं. दिवाळीत काय झालं, मुलीच्या लग्नात काय झालं, गोळ्या संपल्यावर पुढच्या पगारापर्यंत किती दिवस गेले.

पैशाचं मी आता स्वतःहून विचारते. औषध परवडत नाही हे कुणी आपण होऊन सांगत नाही.

५. श्रद्धेशी भांडू नका.

ही माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी ठणकावून सांगितलं, “एकादशी बंद. तुम्हाला उपास चालायचा नाही.” त्या हसून “बरं” म्हणाल्या. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला. आजींनी उपास धरला होता, सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली होती आणि दुपारी देवघरात बेशुद्ध पडल्या होत्या. सुनेनं तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठला. ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. पुढच्या भेटीत माझ्याशी त्या पहिल्यासारख्याच प्रेमानं बोलल्या, आणि मला ते फार लागलं. मी दार लावून घेतलं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्या दिवशीची गोळी कमी करायची की थांबवायची ते डॉक्टरांनी सांगितलं असतं.

आता मी महिन्याच्या दोन्ही एकादश्या, नवरात्र, श्रावणी सोमवार आधीच विचारून वहीत लिहून घेते आणि त्या दिवसांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घेते. ताटाचंही बोलतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, खिचडीच्या वाटीनं साखर सरळ चढते. त्यापेक्षा थोडी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, दही बरं. थरथर, घाम, डोळ्यांपुढं अंधारी आली तर त्याच क्षणी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या खाली असेल तर पुन्हा घ्यायची. आणि उपास तिथंच सोडायचा. “पांडुरंग रागवायचा नाही,” असं एकदा एक माळकरी आजोबाच माझ्या खोलीत दुसऱ्या पेशंटला म्हणाले. मी म्हटलं असतं तर त्याला एवढं वजन आलं नसतं.

६. इन्सुलिन कसं घेता ते विचारू नका. करून दाखवायला सांगा.

विचारलं की सगळे “बरोबर घेतो” म्हणतात. करून दाखवताना कळतं. आपल्याकडच्या साध्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसात १०० युनिट असतात, आणि त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. एका शिक्षकांना औषध दुकानातून केशरी टोपणाची सिरिंज मिळाली होती. वीसच्या खुणेपर्यंत भरून ते वीस युनिट घेतोय समजत होते, शरीरात आठच जात होती. उलट अदलाबदल झाली तर वीसच्या जागी पन्नास जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं.

दुसरं म्हणजे पोटावरून हात फिरवून बघा. रोज त्याच जागी टोचलं की तिथं चरबीची गाठ धरते. गाठीत टोचलेलं दुखत नाही म्हणून लोक तिथंच टोचतात आणि औषध कधी मुरतं, कधी नाही. जागा बदलल्यावर साखर एकदम उतरू शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगूनच करायचा. घरी फ्रिज नसेल तर ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशी बाटली ठेवता येते. वापरात असलेली बाटली तशी साधारण चार आठवडे चालते.

७. पाय बघा.

मोजे, चप्पल काढायला लावा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघायचा, रोज. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, फोड आला तरी कळत नाही. वारीला जाणाऱ्यांच्या चपला मी चातुर्मासाच्या महिनाभर आधी बघते. नवी चप्पल घालून आळंदीहून निघायचं नाही, एवढं ऐकलं तरी माझं समाधान.

८. स्वयंपाक कोण करतं, ते आधी विचारा.

पुरुष पेशंटला आहार सांगितला की तो घरी जाऊन बायकोला सांगतो आणि त्याचं ताट बदलतं. बाई पेशंटला सांगितलं तर काहीच बदलत नाही. ती सगळ्यात शेवटी जेवते, उरलेलं संपवते, सकाळचा भात टाकवत नाही म्हणून रात्री खाते. तिच्यासाठी वेगळी भाजी घरात कधीच शिजत नाही. म्हणून बाईला मी वेगळं काही करायला सांगत नाही. सगळ्यांच्या ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, मग भात. आणि तिनं सगळ्यांबरोबर बसायचं. हे शेवटचं सांगायला मी नवऱ्याला किंवा मुलाला आत बोलावते. ती स्वतः घरी जाऊन हे कधीच म्हणणार नाही.

९. बरं वाटतं त्या दिवशी जपा.

हे माझ्या सांध्यांनी शिकवलं. आजारी पडल्यावर चौथ्या दिवाळीत एके सकाळी बोटं अगदी मोकळी होती. इतका आनंद झाला की चकलीची भाजणी मळली, सोऱ्या काढला आणि बसले ती दोन वाजेपर्यंत उठलेच नाही. प्रत्येक पिळाला मनगटात बारीक चावत होतं, तरी मी थांबले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा घरातला डबा माझ्या हातच्या चकल्यांनी भरत होता. पुढचे पाच दिवस मला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. भाऊबीजेला ओवाळायचं तबक आईनं माझ्या हाताखाली हात घालून धरलं.

बऱ्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं आणि मग आडवं व्हायचं, हे चक्र दीर्घ आजाराच्या जवळजवळ प्रत्येक माणसात दिसतं. मग घरचे म्हणतात, काल तर चांगली होतीस! आता काम घड्याळावर करायचं, वीस मिनिटं झाली की उठायचं, चकल्या अर्ध्या राहिल्या तरी उठायचं. सांगायला सोपं आहे. स्वतःला थांबवताना मला अजून डोळ्यांत पाणी येतं, हेही मी पेशंटांना सांगते.

१०. ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्यापासून पेशंटला वाचवा.

हेल्थ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं डॉक्टरांसारखी नोंदणी लागत नाही. ‘होलिस्टिक’ हा शब्द पाटीवर लावून कुणीही बसू शकतं. म्हणून माझी मर्यादा मी पहिल्याच दिवशी सांगते. औषध सुरू करणं, बंद करणं, कमी-जास्त करणं माझं काम नाही. छातीत दुखणं, पायाची जखम, उलट्यांबरोबर चढलेली साखर, “आता जगून काय करायचं” असं वाक्य, यातलं काहीही आलं की माझी खुर्ची सोडून डॉक्टरांकडं जायचं, त्याच मिनिटाला.

सांधेदुखीवरच्या निनावी पुड्यांचं तर मला फार भय वाटतं. पुडीनं दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, तोंड गोल होतं, साखर चढते. हे बघितलं की पुडीत स्टिरॉइड असल्याचा संशय धरावा. पण ती फेकून दे असंही सांगायचं नाही. बरेच महिने घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचं.

आणि मेथोट्रेक्सेट. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर तोंड आतून सोलवटतं, रक्तपेशी खाली येतात, माणूस दगावू शकतो. वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायचा. माझा सोमवार. खोलीतल्या कालनिर्णयवर मी प्रत्येक सोमवारला तांबडा गोल करून ठेवते.

११. आपलं दुखणं झाकू नका.

पहिली काही वर्षं मी बोटं पदराआड ठेवायची. ज्यांना धीर द्यायचा त्यांच्यापुढं आपण धडधाकट दिसावं असं वाटायचं. आता लपवत नाही, आणि कालनिर्णयवरचे गोल कसले असं कुणी विचारलं तर सांगते.

मागच्या पावसाळ्यात एके सोमवारी हवा गार होती आणि माझ्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. तासगावच्या त्या मावशी समोर बसल्या होत्या. पिशवी त्यांनी स्वतःच टेबलावर ओतली, एकेक पाकीट उचलून कशाचं ते सांगितलं, मग मीटरवरची साखर वाचून दाखवली. मी वहीत लिहायला पेन घेतलं, ते निसटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा निसटलं. मावशींनी वही आपल्याकडं ओढली. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाई, एकेक आकडा कोरून काढल्यासारखा लिहिला, १४२. मग भिंतीकडं बघून म्हणाल्या,

“आज सोमवार हाय. तुमची गोळी झाली का?”